निळी तुला देतो, पण ट्रॅकसाठी नाही

प्रिय सई,



काल रात्री जेवणं झाल्यावर पडवीतली निळी सायकल खाली उतरवली. बरेच दिवस खुंटीवर होती, सीटखाली कोळ्याने संसार थाटला होता. त्याला हलवलं, मागचं चाक काढलं आणि ते जिथे बसतं त्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये व्हर्नियर धरला. १२६ मिलिमीटर. चष्मा पुसून पुन्हा मोजलं, तरी १२६च. ट्रॅकच्या, म्हणजे वेलोड्रोमवरच्या, सायकलीचा मागचा हब, चाकाचा मधला तुंबा, १२०चा असतो. तुझी मामी दारातून म्हणाली, "भाचीने विचारलं एका ओळीत, आणि तुम्ही रात्री अकराला सायकलीचं पोट फाडून बसलात." मी म्हटलं, एका ओळीचा प्रश्नच महागात पडतो.

तुझा प्रश्न असा: "मामा, निळी दे ना. गिअर काढते, फिक्स टाकते, झाली ट्रॅक सायकल. वेगळी कशाला घ्यायची?" तुझ्या आईने ४० हजार बाजूला काढून ठेवलेत आणि तुला ते खर्चू द्यायचे नाहीत, हे त्या ओळीत न लिहिताही मला वाचता आलं. गुणी आहेस. फोनवर तुला एका शब्दात उत्तर दिलं असतं तर ते "घेऊन जा" असंच गेलं असतं, कारण मी मामा आहे. म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी निळीची बाजू मांडतो. तिच्यात एक गोष्ट अशी आहे, जी तुझ्या आत्ताच्या काळ्या सायकलीत नाही. मागचं चाक जिथे बसतं तिथल्या खाचा आडव्या आहेत. फिक्स गिअरमध्ये मागची चक्री हबला जखडलेली असते. चाक फिरलं की पाय फिरणारच, फ्रीव्हीलसारखा मध्ये सुटण्याचा मार्ग नाही. त्यामुळे चेन ताणायला गिअर बदलणारा डिरेलर नसतो. चाकच पुढे-मागे सरकवून ताण आणायचा. तुझ्या काळीला उभ्या खाचा आहेत, तिथे चाक जिथे बसेल तिथे बसेल. चेन ढिली राहिली की भर वेगात उतरणार. नव्या रोड सायकली ट्रॅकला चालवायच्या म्हणणारे बहुतेक जण याच जागी येऊन अडतात. निळी जुन्या काळची असल्याने या परीक्षेत पास आहे.

१२६ आणि १२० मधले सहा मिलिमीटर ही काही मोठी अडचण नाही. आस थोडा जास्त लांबीचा घ्यायचा आणि दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरचे वॉशर घालायचे. फ्रेम स्टीलची आहे, दाबून १२०वरही आणता येईल, पण ते हौशी हातांनी करू नये. चेन पुढून मागे सरळ रेषेत यायला हवी, तेही जमवता येतं. इथवर वाचून तू उड्या मारत असशील. थांब.

आता हबचं सांगतो, आणि इथे मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे.

साध्या सायकलीच्या हबवर फ्रीव्हीलसाठी एकाच मापाचे आटे असतात. पाय पुढे रेटला की चक्री आणखी घट्ट होत जाते, म्हणून ती कधी सुटत नाही. ट्रॅकच्या हबवर त्या आट्यांच्या बाहेर आणखी एक पायरी असते, थोड्या लहान व्यासाची, आणि तिचे आटे उलटे. तिच्यावर लॉकरिंग बसते. ट्रॅकवर ब्रेक नसतो. वेग कमी करायचा तर पायांनी मागे दाब द्यायचा. तो दाब चक्रीला सोडवू बघतो. चक्री सुटायला लागली की ती लॉकरिंगला फिरवू बघते, पण लॉकरिंगचे आटे उलटे, म्हणून लॉकरिंग आणखी आवळली जाते. एवढी साधी युक्ती आहे, आणि सगळा जीव तिच्यावर टांगलेला असतो.

१९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं आणि पुण्याला वेलोड्रोम मिळालं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. मुंबई-पुणे शर्यतीत एकदा उतरलो होतो. बोरघाटात माझ्यापुढे किती जण होते ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही, पण तेव्हापासून मी स्वतःला सायकलपटू म्हणवत असे. ट्रॅक पाहिल्यावर अंगात आलं. ट्रॅक हब आणायला ना पैसे होते, ना तो कुठे मिळतो याची माहिती. एकाने सांगितलं, साध्या हबवर चक्री घट्ट आवळ आणि तिच्या मागोमाग बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या भागाची, रिंग चढव, तिचे आटे तेच असतात. आटे खरंच तेच असतात. पण सरळ असतात, उलटे नव्हेत. म्हणजे चक्री सुटायला लागली की ती रिंगही तिच्याबरोबर, आज्ञाधारक भावासारखी, सुटत जाते. हे मला तेव्हा कळलं असतं तर आजही माझा डावा खांदा पावसाळ्यात दुखला नसता.

एका संध्याकाळी सातवा की आठवा फेरा होता. पुढचा अचानक हळू झाला म्हणून मी पाय मागे रेटले. टक् असा आवाज आला आणि पाय मोकळे सुटले. तुला हे सांगून कळणार नाही. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं, फक्त ताशी ३५ किलोमीटरने. हातात ब्रेक नाही, पायात सायकल नाही. मी चढावरून सिमेंटवर घसरत खाली आलो. गळपट्टीचं हाड मोडलं. निळीचं हँडल वाकलं, ते मी नंतर सरळ केलं. डाव्या बाजूला अजून नीट बघशील तर रंगाखाली खरवडलेलं दिसेल.

घरी मी सांगितलं की कात्रजला कुत्रं आडवं आलं. तुझी आई तेव्हा कॉलेजात होती. ती आजतागायत त्या कुत्र्याला शिव्या देते.

तर पहिली अट ही. निळी असो की आणखी कोणती, साध्या हबवर फिक्स चक्री चढवून ट्रॅकवर जायचं नाही. दुकानदार "होतंय की ताई" म्हणाला तरी नाही. लॉकरिंगची पायरी असलेला खरा ट्रॅक हब हवा, आणि असं चाक विकत घेतलंस की रूपांतराचा निम्मा खर्च तिथेच झाला. हे लोक हिशेबात धरत नाहीत. फ्रेम फुकट मिळाली म्हणून सायकल फुकट झाली असं वाटतं. मग चाक, क्रँक, चेन, चक्री, सीटची दांडी, हँडल असं एकेक करत शेवटी जुन्या फ्रेमभोवती नवी सायकल विकत घेतलेली असते.

दुसरी अडचण मला अधिक छळते, कारण तिच्यावर वॉशर घालून उपाय नाही. काल मी बॉटम ब्रॅकेटची उंचीही मोजली. दोन्ही चाकांचे आस जोडणारी रेषा धर, तिच्यापासून निळीचा बॉटम ब्रॅकेट ७२ मिलिमीटर खाली आहे. रोड सायकलीत साधारण ७० असतं, म्हणजे त्यात काही चूक नाही. ट्रॅकच्या सायकलीत ते ५० ते ६०च्या दरम्यान असतं. एवढासा फरक का ठेवला असेल, विचार कर.

ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर वळणाचा चढ ४२ अंशांच्या आसपास असतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी केला तो तसलाच २५० मीटरचा. सिमेंटचे उघडे ट्रॅक बहुधा लांबीने मोठे आणि चढाने सौम्य असतात. पण तत्त्व एकच. वेग असला की सायकल वळणात झुकते आणि त्या चढाला जवळजवळ काटकोनात राहते. वेग कमी झाला की सायकल सरळ उभी राहू बघते, पण जमीन तर उजव्या हाताला वर चढत गेलेली असते. मग उजवा पायडल खाली आला की तो सिमेंटला घासतो. फ्रीव्हील असतं तर तू उजवा पाय वर धरून वळण काढलं असतंस, जसं घाटात काढतेस. फिक्समध्ये तो पाय खाली येणारच, तुझी इच्छा असो वा नसो. म्हणून ट्रॅकची सायकल उंच उभी असते आणि तिचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, बहुधा १६५ मिलिमीटरचा. निळीला १७०चा आहे. तो बदलून पाच मिलिमीटर मिळतील, उरलेले कुठून आणायचे?

तू म्हणशील, मी हळू जाणारच नाही. बाळ, शिकताना सगळे हळूच जातात. आणि स्प्रिंटमध्ये तर मुद्दाम हळू जातात, एकमेकांना पुढे ढकलायला बघत, जवळजवळ थांबून. चढावर थांबणं हा तर खेळाचाच भाग आहे.

आता तुझा हुकमी एक्का. "मग ग्रॅम ओब्रीचं काय?" असं तू आईला म्हणालीस म्हणे. वॉशिंग मशीनचं बेअरिंग घालून घरी बनवलेल्या सायकलीवर त्याने विश्वविक्रम केला, मग आपण जुनी फ्रेम का वापरू नये? ओब्रीचं नाव तुला माहीत आहे याचाच मला आनंद झाला. पण ती गोष्ट तू उलटी वाचलीस.

फ्रान्सेस्को मोझरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर सायकल चालवली होती. तो विक्रम नऊ वर्षं टिकला. १९९३च्या जुलैत स्कॉटलंडचा ओब्री नॉर्वेमधल्या हामारच्या ट्रॅकवर गेला. त्याच्याकडे दोन सायकली होत्या. एक त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली 'ओल्ड फेथफुल', आणि दुसरी तिच्यावरून खास तयार करवून घेतलेली नवी. पहिल्या दिवशी तो नव्या सायकलीवर बसला आणि जवळजवळ एक किलोमीटरने हरला. ट्रॅक चोवीस तासांसाठी घेतलेला होता. त्याने ठरवलं, उद्या सकाळी पुन्हा. रात्रभर पाय आखडू नयेत म्हणून तो भरपूर पाणी पिऊन झोपला, म्हणजे दर काही तासांनी उठावं लागेल आणि पाय ताणता येतील. सकाळी आपल्या जुन्या सायकलीवर बसला आणि ५१.५९६ केले.

लोक इथे टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, बघा, जुगाड जिंकला. मला तसं वाटत नाही. ओल्ड फेथफुल ही दुसऱ्या कामाची सायकल ट्रॅकला लावलेली नव्हती. तिच्यात आडवी दांडी नव्हती, कारण ती त्याच्या गुडघ्यांच्या आड आली असती. बॉटम ब्रॅकेट अरुंद होता, कारण त्याला पाय एकमेकांजवळ हवे होते, आणि तिथेच ते मशीनचं बेअरिंग बसलं. हँडल असं होतं की हात छातीखाली दुमडले जातील. एका माणसाच्या एका शरीरासाठी आणि एका तासासाठी ती घडवली होती. बाजारातल्या सायकलींसारखी ती रुबाबदार दिसत नव्हती, एवढंच. म्हणजे वेगळी सायकल घ्यावी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा साक्षीदार तू स्वतःच उभा केलास.

पुढचंही सांगतो, कारण ते मला फार आवडतं. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने बोर्दोमध्ये ५२.२७० करून तो विक्रम मोडला. ओब्रीने १९९४च्या एप्रिलमध्ये त्याच बोर्दोत ५२.७१३ करून तो परत घेतला. त्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्याची बसण्याची पद्धतच बाद ठरवली. हात छातीखाली दुमडायचे नाहीत म्हणे! खेळाचे नियम करणाऱ्यांना सायकलीत सायकलपेक्षा जास्त काही दिसायला लागलं की असं होतं. असो, माझा पारा चढायच्या आत पुढे जातो.

चौकटीचे कोन, फोर्कचा बाक, मागचा चिमटा किती आखूड, या गोष्टींवर लोक तासन्तास बोलतात. नवख्या पायाला त्यातला फरक कळत नाही, तुलाही कळणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मला काळजी फक्त दोनच गोष्टींची आहे, चक्री सुटू नये आणि पायडल लागू नये.

मँचेस्टरसारख्या ठिकाणी नवख्या पोरांना वेलोड्रोमवरच ट्रॅक सायकल भाड्याने मिळते. तासभर चालवायची, आवडलं तर पुढचा विचार. तिथे तुझ्यासारखीला हा प्रश्न पहिल्या दिवशी पडतच नाही. आपल्याकडे तशी सोय सहज मिळत नाही, म्हणून पडवीतल्या सायकलींवर डोळा जातो. तुझ्या खोलीत मयूरी लुटेचा फोटो लावलायस ना? आपल्या महाराष्ट्राची पोरगी, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांत लंडनच्या ली व्हॅली ट्रॅकवर उतरली. तिच्या सायकलीकडे नीट बघ. ब्रेक नाही, ब्रेकची तार नाही, पाण्याच्या बाटलीला जागा नाही. ती सायकल दुसरं काही करूच शकत नाही. तिच्यावर बसून दूध आणायला जाता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आईचे पैसे घे आणि वापरलेली, साधी, ट्रॅकसाठीच बनवलेली सायकल शोध. स्टीलची असो, ॲल्युमिनियमची असो. कार्बनकडे बघायचं नाही, त्या किमतीत बरी मिळणार नाही आणि जुन्या कार्बनला आतून कुठे तडा गेलाय हे तुला-मला दिसणार नाही. तुझ्या सरांना विचार. ट्रॅक सोडून नोकरीला लागलेल्या पोरांच्या सायकली घराघरांत कपडे वाळत घालायला उभ्या असतात. बघायला जाशील तेव्हा चार गोष्टी कर. चाक काढून मागच्या खाचा बघ, आवळून-आवळून त्या चुरडलेल्या असतात. हबचे आटे नखाने चाचप. चक्रीचे दात माशाच्या परासारखे वाकलेत का पाहा. आणि बाकी काही पटलं नाही तरी लॉकरिंग उलट्या आट्यांची आहे ना, ते स्वतःच्या हाताने फिरवून बघ. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. माझ्यासकट.

मग निळीचं काय? निळी तुलाच आहे. पण ती ट्रॅकवर जाणार नाही. तिच्यात मी खऱ्या ट्रॅक हबचं मागचं चाक बसवतो, वॉशर घालून, आणि पुढचा ब्रेक तसाच ठेवतो. ट्रॅकच्या फ्रेमला बहुधा ब्रेकसाठी भोकच नसतं, म्हणून तिच्यावर रस्त्यावर जाता येत नाही. निळीला भोक आहे. पहाटे रिकाम्या सपाट रस्त्यावर तिच्यावर फिक्स शिक. पहिल्या दिवशी तू सवयीने पाय थांबवशील आणि सायकल तुला सीटवरून वर उचलेल. सगळ्यांना उचलते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय आपोआप विसरतील की थांबणं नावाची काही गोष्ट होती. पुढे ४८ आणि मागे १५ दात ठेवतो. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसात मीटर जाईल, मिनिटाला शंभर फेरे मारलेस तर ताशी ४० किलोमीटर. कात्रजच्या उतारावर मात्र नेऊ नकोस. ६०चा वेग आला तर पायांना मिनिटाला दीडशे फेरे मारावे लागतील, आणि ते तू नाही, रस्ता मारून घेईल. ब्रेक न लावता रस्त्यावर दिसलीस असं कोणाकडून कळलं तर निळी परत खुंटीवर.

खरं सांगू? तू "निळी दे" म्हणालीस तेव्हा मला आधी फार बरं वाटलं. तिच्यावर बसून आपल्याच घरातलं कोणीतरी ट्रॅकवरच्या काळ्या रेषेला धरून फेरे मारतंय, हे चित्र मी काल अर्धा तास पाहत बसलो होतो. तुझी मामी दोनदा आत बोलावून गेली. मग मी ७२ हा आकडा पुन्हा एकदा मोजला.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने येतो. निळी टपावर टाकून आणतो, चाकं वेगळी. सोबत १५चा पाना आणतोय, तो तुझ्याकडेच राहू दे. ट्रॅकच्या चाकाचे नट त्याच मापाचे असतात, आणि आता तो नेहमी तुझ्या पिशवीत असला पाहिजे. सायकल बघायला जायचं असेल तर त्याच दिवशी जाऊ, मी दार धरून उभा राहीन, भाव तू कर.

हे पत्र आईला वाचायला देणार असशील तर कुत्र्याचं पान आधी काढून ठेव. नाहीतर राहू दे, देऊन टाक. तीस वर्षं ते बिचारं उगाच शिव्या खातंय.

तुझा,
दादामामा